घर रिकामे

विजया बोद्धूलने सकाळी टेबलाखालच्या संगणकावर तळहात ठेवला आणि तिचं डोकं पुन्हा फिरलं. पंख्याची बारीक थरथर तेवढी हाताला लागत होती. आतली डिस्क काम करू लागली की जी टकटक जाणवायची, ती आजही नव्हती. आज त्रेचाळिसावा दिवस.

विजया जन्मापासून कर्णबधिर. संगणक चालतोय का, हे इतर लोक कानांनी ओळखतात. ती तळव्याने ओळखायची. तिला ढीगभर चित्रणं साठवावी लागत, म्हणून तिने फिरत्या तबकडीची स्वस्त हार्ड डिस्क ठेवली होती. अशा डिस्कचा आवाज फार होतो, ही लोकांची जुनी कुरकुर. त्यावर कंपनीने ‘शांतलेखन’ नावाची सुधारणा काढली आणि कोणालाही न विचारता घरोघरच्या संगणकांत घालून टाकली. जाहिरातीत संगणकाशेजारी एक बाळ गाढ झोपलेलं दाखवलं होतं.

‘माझी डिस्क लिहीत नाही,’ अशी तक्रार विजयाने चार वेळा केली. चारही वेळा उत्तर आलं, ‘आपली डिस्क पूर्वीपेक्षा शांत झाल्याबद्दल अभिनंदन.’ पडद्यावर मात्र प्रत्येक चित्रणाखाली हिरव्या अक्षरांत ‘जतन झाले’ असं उमटत होतं. त्या दिवसाचं चित्रण उघडलं तर दिसायचंही. म्हणून तिने काम चालू ठेवलं. थांबण्यासारखं ते नव्हतंच.

काम होतं राजेशमअण्णांच्या खुणांचं, ती सुधारणा आली त्यानंतर लगेच सुरू झालेलं. अण्णाही जन्माचे बहिरे, शाळेचं तोंड न पाहिलेले. चाळीस वर्षं त्यांनी सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग चालवले. मागांच्या खडखडाटात कान शाबूत असलेल्यांनाही एकमेकांचं बोलणं कळत नसे. मग सगळा कारखाना अण्णांच्या खुणा शिकला. आडवा धागा नेणारा धोटा अडकला, मालक आला, मालक तापलाय, माझा माग जरा बघ. या खुणा त्या कारखान्यांबाहेर कुठेच नव्हत्या, आणि कारखाने तर बंद पडले होते. अण्णा रोज दुपारी विजयाकडे येत, कॅमेऱ्यासमोर बसत, आणि दोघांची हातांनी संध्याकाळपर्यंत बडबड चाले. तीनशे बारा खुणा झाल्या. दहा दिवसांपूर्वी अण्णांना पक्षाघात झाला आणि त्यांचा उजवा हात गेला. आता त्या खुणा फक्त संगणकात होत्या.

पाचव्या तक्रारीनंतर अकराच्या सुमारास कंपनीचा तंत्रज्ञ आला. तौफिक नाव, स्वभावाने बोलका. त्याचं बोलणं विजयाच्या फोनवर अक्षरांत उमटत होतं, आणि तिला सांगायचं ते ती टाइप करून त्याच्यापुढे धरत होती. तौफिकने संगणकाला कान लावला आणि त्याचा चेहरा खुलला.

“ताई, एकदम शांत हाय की. लोकं असल्या शांततेसाठी तरसतात. तुमचं काय बिघडलंय मलाच कळंना.”

विजयाचा हात संगणकावरच होता. तौफिकचे ओठ हलत होते तोवर तळव्याखाली टकटक चालू होती. ओठ मिटले, टकटक थांबली. तिने घाईघाईने टाइप केलं, ‘बोला.’

“काय बोलू?”

‘काहीही. मी सांगेपर्यंत थांबू नका.’

तौफिकने बहिणीच्या लग्नातला जेवणाचा बेत सांगायला घेतला. डिस्क झपाट्याने चालू लागली. विजयाने हाताने थांबायची खूण केली, डिस्क थांबली. तिने त्याचा हात ओढून संगणकावर ठेवला आणि पुन्हा बोलायला लावलं. तिसऱ्या खेपेला तौफिक स्वतःच अर्ध्या वाक्यात गप्प झाला.

त्याने आपल्या टॅबवर डिस्कच्या कामाची नोंद उघडली. ती वाचताना त्याचा आवाज खाली गेला असावा, कारण फोनवर अक्षरं तुटक येऊ लागली.

“ताई, ही डिस्क माणसांच्या बोलण्याआड लिहिते. संगणकाचा माइक ऐकत असतो. कुणी बोलायला लागलं की तेवढ्यात लिहून घेते, म्हणजे तिचा आवाज कुणाला येत नाही. तोवर सगळं तात्पुरत्या जागेत. ती जागा भरली की सगळ्यात जुनं पुसून टाकते. भांडी, दार, हे आवाज चालत नाहीत. माणसाचंच बोलणं लागतं. घरात अर्ध्या तासात कुणी ना कुणी बोलतंच, असं धरलंय त्यांनी.”

नोंदीत प्रत्येक तारखेपुढे एकच शेरा होता. ‘घर रिकामे.’

ज्या दुपारी अण्णांनी मालकाची नक्कल करून तिला डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसवलं होतं, त्या दुपारीही घर रिकामे.

‘मग जतन झाले असं कोणी लिहिलं?’ विजयाने विचारलं.

“ते सिस्टीम लिहिते, ताई.”

‘सिस्टीमला कोणी शिकवलं?’

तौफिकने कार्यालयाला स्पीकरवर फोन लावला. पलीकडच्या साहेबांचे शब्दही विजयाच्या फोनवर उमटले. “त्यांना ऐकूच येत नाही ना? मग आवाज असला काय, नसला काय, त्यांना फरक कसला?” मागोमाग उपायही आला. “दिवसभर घरात रेडिओ लावून ठेवायला सांगा.”

विजयाच्या अंगाची लाही लाही झाली. लहानपणी शाळेत ती हातांनी बोलली की बाई बोटांवर पट्टी मारत. तोंडाने बोललीस तरच बोललीस, असा नियम होता. इतक्या वर्षांनी तोच नियम तिच्या टेबलाखाली येऊन बसला होता. आता आपण या घरात राहतो हे पटवायला तिने आपल्याला न ऐकू येणारा रेडिओ लावायचा होता. फोन भिंतीवर आपटावा असं तिला वाटलं, पण बोलायचं तर तोच लागणार होता. तिने एवढंच लिहिलं, ‘जे उरलंय ते वाचवा.’

शांतलेखन मधेच बंद केलं तर तात्पुरती जागाही पुसली जाणार होती. मग तौफिकने तिथलं वर्तमानपत्र उचललं आणि मोठ्याने वाचायला बसला. बातम्या संपल्या, जाहिराती संपल्या, छोट्या जाहिरातीही संपल्या. अडीच तासांनी त्याचा घसा पुरता बसला, तेव्हा एकशे एकाहत्तर खुणा डिस्कवर उतरल्या होत्या. वरिष्ठांना न विचारता त्याने शांतलेखन काढून टाकलं आणि मान खाली घालून गेला.

एकशे एकेचाळीस खुणा गेल्या. पुसल्या त्या आधीच्या, म्हणजे अगदी सुरुवातीच्या, खास मागावरच्या.

संध्याकाळी विजया कॅमेरा घेऊन अण्णांच्या घरी गेली. काय झालं ते तिने हातांनी सांगितलं. अण्णांनी डावा हात वर उचलला, बोटं ताठ पसरली आणि तो तसाच धरून ठेवला. उभ्या धाग्यांचा ताण सैल कर, याची ती अर्धी खूण होती. दुसरा अर्धा भाग करणारा हात मांडीवर पडून होता.

विजया त्यांच्या उजव्या बाजूला खेटून बसली आणि तिने आपला उजवा हात त्यांच्या डाव्या हातासमोर आणला. अण्णांनी नकारार्थी मान हलवली. तिने मनगट वळवलं, पुन्हा नाही. तिने बोटं थोडी मिटली, हात खाली घेतला, आठवेल तसा झोका दिला. सहाव्या खेपेला अण्णांनी होकारार्थी मान हलवली आणि डोळे मिटले. कॅमेऱ्याने ते टिपलं.

अजून एकशे चाळीस बाकी होत्या. विजया त्यांच्या मिटल्या डोळ्यांकडे बघत बसली. अण्णांची ती मान खूण जुळली म्हणून हलली होती, की ते दमले होते म्हणून?