बाबांच्या नावावर

पार्किंगच्या कंपनीचं पत्र मार्चच्या पहिल्या आठवड्यात आलं. करारदार श्री. हेमचंद्र पाटणकर यांच्या निधनाबद्दल खेद, करार महिनाअखेरीस संपतो, तोवर चार नंबरच्या जागेतला ट्रेलर हलवावा, तसदीबद्दल क्षमस्व. विभाने पत्राची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. गेल्या सहा महिन्यांत या ट्रेलरबद्दलचा प्रत्येक कागद तिने असाच घडी घालून पर्समध्ये ठेवला होता. फरक एवढाच, की ते कागद बाबांनी हातात दिलेले होते.

ट्रेलर म्हणजे बोट ठेवून गाडीमागे ओढून न्यायची दोन चाकांची लोखंडी चौकट. पुढे लांब दांडी, मध्ये बोटीचा तळ टेकवायला रबरी रूळ, बाकी सगळा गंज. बोट नव्हती. बोट बाबा पुढच्या वर्षी घेणार होते. रेवदंड्याच्या खाडीत पोहायला शिकलेल्या माणसाने बावीस वर्षं बँकेच्या टोकियो शाखेत काढली, बायको गेल्यावरही परत जायचं नाव काढलं नाही, आणि निवृत्त झाल्यावर समुद्रकाठच्या एका गावातल्या सावादा नावाच्या म्हाताऱ्याकडून हा सांगाडा उचलला. सोबत कागद कुठला, तर वहीच्या पानावर लिहिलेली पावती.

"बाबा, शाकेन्शो कुठाय?" विभाने तेव्हाच विचारलं होतं. वाहनाच्या तपासणीचा आणि मालकीचा तो दाखला. इथे त्याच्याशिवाय वाहन विकता येत नाही, रस्त्यावर आणता येत नाही, मोडीतही काढता येत नाही.

"सापडत नाही म्हणाला. नावावर काय, करू सावकाश. लेल्यांची स्कूटर मी अकरा वर्षं लेल्यांच्याच नावावर चालवली."

"ते दादर होतं."

"म्हणून तर म्हणतो, तू चल बरोबर. तो नोंदणी कार्यालयातला माणूस भराभर बोलतो. मी आपला जपानीत हाय, हाय करत मान हलवतो आणि हात हलवत परत येतो."

मंगळवारी तिथे गर्दी नसते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. विभा कावासाकीत एका सॉफ्टवेअर कंपनीत होती आणि मंगळवारी तिची क्लायंटबरोबर मीटिंग असे. पुढच्या मंगळवारी नक्की, असं ती सप्टेंबरपासून म्हणत आली. डिसेंबरात एकदा म्हणाली, "त्या भंगारासाठी मी रजा घालवू?" बाबा रागावले नाहीत. "बरं," म्हणाले. पुन्हा त्यांनी विषय काढला नाही. अठरा फेब्रुवारीला, मंगळवारीच, उरायासु स्टेशनच्या जिन्यात ते जरा टेकले आणि उठले नाहीत. कोटाच्या खिशात कार्यालयाच्या पत्त्याची चिठ्ठी होती.

दहाव्या दिवशी तिने नदीच्या बांधावर कागदी थाळीत पिंड ठेवला. धाकटा भाऊ केदार पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होता. त्याचा व्हिसा वेळेत झाला नव्हता. माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही आणि मग जवळच्याने मोठ्याने वचन द्यायचं असतं, हे दोघांनी आईच्या वेळी पाहिलं होतं. तेव्हा दोन तास लागले होते. विभा असलं काही मानणारी नव्हती, तरी तिने वाक्य जुळवून ठेवलं होतं. बाबा, ट्रेलर मी तुमच्या नावावर करून घेईन.

ती मागे सरायच्या आत कावळा उतरला. पिंड फोडून निवांत खात बसला.

"सुटले गं बाबा," केदार डोळे पुसत म्हणाला. "काही राहिलं नव्हतं त्यांचं."

विभाचं वाक्य तोंडातच राहिलं. तिला कावळ्याचा राग आला. एवढं मोठं राहिलं होतं, तिच्यामुळे राहिलं होतं, आणि तेवढंही कोणी तिला म्हणू दिलं नाही.

पत्र आल्यावर तिने केदारला फोन केला.

"भंगारात देऊन टाक, ताई."

"भंगारवाला मालकाचा कागद मागतो. मालक कोण, तेच माहीत नाही. आणि भंगारात नाही द्यायचाय मला. आधी तो बाबांच्या नावावर व्हायला हवा. मग काय ते बघू."

"बाबा गेल्यावर बाबांच्या नावावर?"

"आधी त्यांच्या, मग माझ्या. तसा नियम आहे का ते विचारते."

"पण तुम्ही जात होतात ना दोघं?" केदार म्हणाला. "बाबा सांगायचे. ताई दर मंगळवारी रजा काढून येते, मला कार्यालयात नेते, मग आम्ही सोबा नूडल्स खातो. भारी खुशीत असायचे. मला टोमणेही मारायचे. बघ, म्हणे, नाहीतर तू, पुण्यात बसून वाढदिवसाला केक धाडणारा."

मुलीची लाज बाबा धाकट्यापासून झाकत होते, तीही इतक्या बारीकसारीक तपशिलांनी. सोबासुद्धा.

"हो," ती म्हणाली. "जायचो."

नोंदणी कार्यालयाने फोनवर तीन गोष्टी सांगितल्या. ट्रेलरच्या सांगाड्यावर कोरलेल्या नंबराचा ठसा, मृत्यूचा दाखला आणि मृताशी नातं दाखवणारा कागद. जपानी माणूस कुटुंबाच्या नोंदवहीचा उतारा काढून देतो. तशी वही विभाच्या माणसांची कुठे असणार? जन्मदाखला पुण्याच्या घरात होता. तिने केदारला मेसेज टाकला. तो ऑफिसच्या कामासाठी दौऱ्यावर होता. उत्तर आलं नाही.

रविवारी ती ठसा घ्यायला उरायासुच्या पार्किंगवर गेली. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच करायचं होतं. गंज खरवडायला तिने तारेचा ब्रश आणला होता. दांडीच्या बाजूला वाकून पाहिलं, तर तळहाताएवढी जागा आधीच घासूनपुसून लख्ख केलेली होती. वर तेलाचं बोट फिरवलेलं. कोरलेल्या अंकांच्या खाचांत पेन्सिलीची काळी भुकटी बसली होती.

बाबांनी एकट्याने एवढं केलं होतं, गुडघे दुखत असताना. तिने ब्रश बाजूला ठेवला. मग पातळ कागद लावून पेन्सिल घासली. काळ्यातून पांढरे अंक वर आले.

उठताना आधारासाठी तिने रबरी रुळावर हात ठेवला. रूळ ओला होता. आठवडाभर पाऊस नव्हता. हाताला खाऱ्या पाण्याचा वास आला.

"करंजीपेक्षा मला ते गोल पिवळे आवडले," कुंपणापलीकडून आवाज आला. शेजारच्या घरातल्या होरिए-सान हातात झारी घेऊन उभ्या होत्या. पंच्याऐंशीच्या असतील. बाबा त्यांना दिवाळीचा फराळ नेऊन देत. "परवाचे. फारच छान होते."

बेसनाचे लाडू विभाने आई गेल्यापासून केले नव्हते. दिवाळीला बाबांनी कुठूनतरी आणले असतील आणि म्हातारीच्या डोक्यात दिवाळी परवावर आली असेल.

"आणि वडील बरे आहेत ना? मंगळवारी जरा दमलेले वाटले."

बाबा गेल्याचं त्यांना कळवायला हवं होतं. पण आता सांगायचं म्हणजे महिनाभर का सांगितलं नाही हेही सांगावं लागणार. वाकावं लागणार, त्यांचं वाकणं घ्यावं लागणार, कदाचित घरात बसून चहा प्यावा लागणार.

"हो," विभा म्हणाली. "बरे आहेत."

पंचवीस मार्चला, मंगळवारी, तिने रजा घेतली. एवढं सोपं होतं ते. मॅनेजरला दोन ओळींची मेल, आणि त्याचं एका ओळीचं उत्तर.

कार्यालयात खरंच गर्दी नव्हती. तीन नंबरच्या खिडकीत निशिओ नावाचा पन्नाशीचा गृहस्थ होता. बाह्यांना काळी आवरणं, चष्मा दोरीला. त्याने ठशाचा कागद उजेडात धरला, नंबर टाइप केला, थांबला, पुन्हा टाइप केला.

"हे काम झालेलं आहे."

"म्हणजे?"

"ट्रेलर पाटणकर हेमचंद्र-सान यांच्याच नावावर आहे. पंचवीस फेब्रुवारीला झाला."

पंचवीस फेब्रुवारीला बाबांच्या अस्थी तिच्या घरात, पुस्तकांच्या कपाटावर, पांढऱ्या कापडात बांधलेल्या होत्या. कावळा शिवला त्याच्या दोन दिवस आधी.

"तारीख चुकली असेल," ती म्हणाली.

"मीच केलंय ते." तो पहिल्यांदा हसला. "या खिडकीपाशी कोणी हसत नाही. तुमचे वडील सारखे हसत होते, म्हणून लक्षात राहिलं. तुम्ही त्यांना माझं बोलणं समजावून सांगायचात आणि त्यावर ते काहीतरी म्हणायचे, की तुम्हीही हसायचात. मूळ मालक होक्काइदोला मुलाकडे गेलेत, त्यांचा सहीचा शिक्का आणायला दोघं तिथवर गेलात. बर्फातले फोटो दाखवलेत की मला."

"मी?"

त्याने चष्मा लावला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. बराच वेळ. हसू हळूहळू उतरलं.

"माफ करा. माझी चूक झाली. ती त्यांची मुलगी होती. तुम्ही नात्यातल्या का?"

"मीच मुलगी आहे. त्यांना एकच मुलगी आहे."

तो उठून आतून एक फाइल घेऊन आला आणि अर्ज काचेपलीकडे, तिला दिसेल असा धरला. अर्जदाराच्या वतीने भरणाऱ्याच्या रकान्यात जपानी अक्षर तिचं होतं. खाली देवनागरीत सही होती. विभा हेमचंद्र पाटणकर. आधी सगळी अक्षरं लिहायची आणि शेवटी तिन्ही शब्दांवरून एकच लांब रेघ ओढायची, ही तिची शाळेपासूनची खोड. बाबांनीच लावलेली. नोकरी लागल्यावर तिने ती सही सोडली होती. गेली पंधरा वर्षं ती इंग्रजीत दोन आद्याक्षरं करत असे.

"तुमच्याकडे नात्याचा कागद असेल तर," निशिओ शब्द जपून वापरत होता, "तर मी वरिष्ठांना विचारतो. आधी आलेल्या बाईंनी जोडलेला आहे. जन्मदाखला, भाषांतरासकट."

विभाने पर्समध्ये हात घातला. बोटांना मृत्यूचा दाखला लागला. तो एक कागद काचेखालून सरकवला असता, तर सगळं तिथल्या तिथे उलटलं असतं. पंचवीस फेब्रुवारीला बाबा हयात नव्हते. नोंद रद्द झाली असती. ती जी कोणी आली होती, तिची सही खोटी ठरली असती. आणि ट्रेलर पुन्हा सावादाच्या नावावर गेला असता.

बाबा सारखे हसत होते.

तिने दाखल्याची घडी तशीच राहू दिली.

"नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे कागद नाही."

ठशाचा कागद त्याने दोन्ही हातांनी परत केला.

उरायासुला उतरून ती चालत पार्किंगपाशी आली. दुपारचं स्वच्छ ऊन होतं.

चार नंबरची जागा रिकामी होती.

होरिए-सान कुंपणाशी कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"ट्रेलर कुठे गेला?" विभाने विचारलं.

"आत्ताच नेला. पाटणकर-सान आणि त्यांच्या मुलीने. आज बोट यायची आहे ना." त्यांचा चेहरा फुलला होता. "मुलगी चालवत होती. त्यांनी काच खाली करून हात केला मला."

विभाला गाडी चालवता येत नव्हती. शिक, शिक, म्हणून बाबा मागे लागायचे.

"होरिए-सान, मी विभा. रविवारी आपण इथेच बोललो."

त्यांनी झारी खाली ठेवली. हात पुढे जुळवून त्या किंचित वाकल्या. दारावर आलेल्या अनोळखी माणसापुढे वाकतात, तेवढंच.

"तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. मुलीला मी चांगली ओळखते. दर मंगळवारी येते. कधी चुकली नाही."

"मी त्यांची मुलगी आहे."

होरिए-सान हसल्या. त्या हसण्यात राग नव्हता, संशयही नव्हता. फार तर थोडी कीव.

"तसा काही कागद आहे का तुमच्याकडे?"

पर्समधला फोन थरथरला. केदारचा मेसेज होता.

'ताई, आत्ता बघतोय. जन्मदाखला तर फेब्रुवारीतच कुरिअर केला ना तुला? मिळाला म्हणून तूच फोन केलास. बाबापण बोलले की मागून.'

तिने मान वर केली तेव्हा होरिए-सान आत गेल्या होत्या. दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

रिकाम्या जागेतून रस्त्याकडे चाकांच्या दोन ओल्या रेषा गेल्या होत्या. उन्हात त्या भराभर वाळत होत्या, आणि वाळतील तिथे पांढरं मीठ उरत होतं.