मधला श्वास

"थांब! पुन्हा तिथेच तोडलास!"

दादाचा आवाज शिकवणीच्या त्या लहानशा खोलीत असा कडाडला, की पिपाणीच्या ओठांतून सॅक्सोफोन निसटला आणि भिंतीशी अंग चोरून उभ्या असलेल्या काकाच्या काळजात चर्र झालं...

पिपाणी म्हणजे दादाची मुलगी. लहानपणी भोकाड असं पसरायची, की काकाने तिचं हेच नाव ठेवलं. तिची आई गेली तेव्हा ती नुकती रांगायला लागली होती, आणि जॅझचे कार्यक्रम करत देशोदेशी फिरणाऱ्या तिच्या बापाने तिला धाकट्या भावाच्या पदरात टाकलं... ज्याला पदरच नव्हता! पण काकाने तिला वाढवलं, वेणी घालणं शिकून घेतलं, आणि गल्लीतल्या मुलांबरोबर तिलाही सॅक्सोफोन शिकवला. आज दादा तिला ऐकायला आला होता. त्याच्या ताफ्यात एक जागा रिकामी झाली होती. पोरगी पसंत पडली तर आत्ताच दौऱ्यावर निघायचं होतं. ताफ्याची बस खाली उभी होती. नाही पडली तर... काकाला पुढचा विचार करवेना. तिची कपड्यांची पेटी त्यानेच भरून दाराशी ठेवली होती.

"ही तुझ्या आजोबांनी, आमच्या नानांनी रचलेली धून आहे," दादा म्हणाला. "ही ओळ एका दमात जायला हवी. मध्येच श्वास घ्यायला कुणी शिकवलं?"

"तिथे घ्यायचाच असतो, बाबा," पिपाणी ठामपणे म्हणाली. "काका म्हणतो, तिथे सूर उंबऱ्यावर थांबतो आणि एकदा मागे वळून घराकडे बघतो."

दादा हसला, पण त्या हसण्याला धार होती. "वा! नाचता येईना अंगण वाकडं! अगं, तुझ्या काकाला दम पुरत नाही, म्हणून तो तिथे थांबतो. आणि त्याचं पांगळेपण तू दागिन्यासारखं मिरवतेस!"

काकाने मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात? लहानगी पिपाणी त्याच्या तोंडाकडे टक लावून बसायची. तो थांबला की तीही थांबायची. एकदा तिने विचारलं, "इथे का थांबतोस?" तेव्हा त्याला खरं सांगवलं नाही, म्हणून त्याने ते उंबऱ्याचं वाक्य रचलं. त्या निष्पाप पोरीने त्याचं दुखणंच संगीत समजून उचललं होतं!

"दादा, चूक माझी आहे," तो कसाबसा म्हणाला. "तिचा दम उत्तम आहे. तू घेऊन जा तिला, आठवड्यात सवय मोडेल. ती माझ्यासारखी नाही रे..."

"तुझ्यासारखी नसली म्हणजे मिळवली!" दादा उसळला. "मी पहिल्या दौऱ्याला निघालो, तेव्हा सख्खा भाऊ असून तू निरोप द्यायलाही आला नाहीस! आई म्हणाली, मित्राकडे गेलाय. गाडी सुटेपर्यंत मी दाराला लटकून तुझी वाट बघत होतो. तुला माझं सुख बघवलं नाही!"

खाली बसचा भोंगा वाजला.

"बाबा, तुम्ही त्याला काहीही बोलायचं नाही!" पिपाणीचे डोळे भरून आले. "मला नकोच तुमची ती जागा!"

"पिपाणी, गप्प बस!" काका आयुष्यात पहिल्यांदाच तिच्यावर ओरडला. तिचं भवितव्य आपल्यापायी बुडणार, एवढंच त्याला दिसत होतं. त्याने शिकवणीतला जुना सॅक्सोफोन उचलला. "बघ, ही ओळ अशी जायला हवी. अखंड!"

त्याने छाती भरून घेतली आणि धून सुरू केली. ती जागा जवळ आली... तो थांबला नाही. चेहरा लाल झाला, मानेच्या शिरा तटतटल्या, आणि पुढच्याच सुरावर त्याला अशी ढास लागली, की तो भिंतीला धरून खाली बसला. पिपाणीने धावत जाऊन पाणी आणलं.

दादा जागीच खिळला होता.

"नाना म्हणायचे, धाकट्याच्या छातीत लोहाराचा भाता आहे," तो हळूच म्हणाला. "ही ओळ ते मला शिकवायचे, आणि तू पलीकडे दात घासता घासता ती एका दमात म्हणायचास... कधीपासून रे हे असं?"

"वय झालं, दादा."

"माझ्याआधी? ..." दादा बोलता बोलता अडखळला. "मी निघालो त्याच्या आदल्या दिवशी तालमीच्या खोलीला आग लागली होती. माझा सॅक्सोफोन आतच होता. चौकीदाराने तो बाहेर काढला, असं आईने सांगितलं. मी त्या म्हाताऱ्याला बक्षीस द्यायला गेलो, तर तो हात मागे घेऊन रडायलाच लागला. 'मला पाप लागेल,' म्हणाला. मला वाटलं, भला माणूस आहे..."

त्याच्या गळ्यात तोच सॅक्सोफोन लटकत होता. धुराने काळवंडलेली त्याची कड त्याने कधीच घासून काढली नव्हती.

"तू मित्राकडे नव्हतास."

काकाने पाण्याचा पेला खाली ठेवला.

"कुठे होतास?"

"दवाखान्यात," काका पुटपुटला. "धूर फार गेला होता छातीत. आईला शपथ घातली होती मी... तुला कळलं असतं, तर तू गेला असतास का दादा?"

"नसतो गेलो!"

"म्हणूनच."

दादा गुडघ्यांवर खाली बसला. हजारो लोकांसमोर जो कधी डगमगला नाही, तो लहान मुलासारखा हुंदके देऊ लागला. "इतकी वर्षं मी तुझा श्वास वाजवत फिरलो रे... आणि तुझाच राग धरून बसलो!"

"उगीच काय!" काका ओल्या डोळ्यांनी हसला. "वाजवलास तूच. माझा असता तर बेसूर गेला असता."

भोंगा पुन्हा वाजला. दादाने खिडकीतून हात केला... थांबा! मग पिपाणीकडे वळला. "येशील ना माझ्याबरोबर? पण तो मधला श्वास गाळायचा नाही. तो जागच्या जागी राहू दे."

पिपाणीने काकाकडे पाहिलं. काकाने दाराशी ठेवलेल्या पेटीकडे बोट दाखवलं.

"आधी एकदा तिघं," ती म्हणाली.

धून सुरू झाली. ती जागा येताच काका सवयीप्रमाणे थांबला आणि त्याने मान खाली घातली, दादाचा लांब सूर एकटा पुढे निघून जाताना ऐकायला... पण खोलीत शांतता होती. त्याने वर पाहिलं. छातीत दम भरलेला असूनही दादा थांबला होता, आणि त्याच्याकडेच बघत होता.

मग तिघांनी एकदम श्वास घेतला.