खोगिरामागची ओल

विश्वास ठेवायचा की नाही, ते तुम्ही ठरवा. पण ज्याच्यावर हे गुदरलं तो माझा सख्खा धाकटा भाऊ आहे. आणि यातलं निम्मं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंय.

ऑक्टोबर १९९४. आयर्लंडमधलं किल्डेअर, शर्यतीच्या घोड्यांचा आमचा मुलूख. मी तबेल्यात मोतद्दार होतो. माझा भाऊ फिंटन जॉकी. वय बावीस, पण अजून नाव झालं नव्हतं.

नाव होतं टायग हेफरननचं. फिंटनचा जिवलग दोस्त. दोघं एकत्र राहायचे, एकत्र उपाशी राहायचे. जॉकीचं वजन थोडं जरी जास्त भरलं तरी घोडा हातचा जातो. म्हणून शर्यतीच्या सकाळी कढत पाण्याच्या टबात बसून घाम गाळायचा.

त्या शनिवारी टायग टबातच गेला.

"हृदय थांबलं," डॉक्टर म्हणाले.

त्याचे सगळे घोडे फिंटनकडे आले. आठवड्याभरात टायगच्या लाडक्या घोडीवर, सिल्व्हर लेनवर बसून फिंटन मोठी शर्यत जिंकला.

मग त्याने मागे वळून पाहिलं नाही. अडीच वर्षं पेपरात फोटो. आई चर्चमधून बाहेर पडली की लोक तिची वाट अडवून विचारायचे, "आज पोरगा कुठल्या घोड्यावर बसतोय, सांगा ना!"

आणि मग १९९७ चा मे उजाडला.

शर्यतीआधी जॉकीचं वजन होतं. त्या दुपारी काट्यावर म्हातारे डेम्सी होते.

"फिंटन, चोपन्न किलो."

"काहीतरीच काय! सकाळी घरी बावन्न होतो."

"मग घरच्या काट्यावरच शर्यत लाव," डेम्सी हसले.

सगळे हसले. फिंटन नाही हसला.

पुढच्या आठवड्यात पंचावन्न. मग सत्तावन्न. काटा बदलून पाहिला...

तेच.

इकडे फिंटनची गालफडं बसली होती. दिवसभरात एक उकडलेलं अंडं आणि काळा चहा. घरच्या काट्यावर तो एकोणपन्नास भरायचा.

त्याचे घोडेही थकून यायचे. दोन माणसं वाहून आणल्यासारखे लटपटायचे.

एकदा मी खोगीर उतरवलं. खोगिराच्या मागे, जिथे कुणीच बसत नाही, तिथे घोड्याची पाठ ओली होती.

घाम असेल म्हणून मी हात लावला...

कढत पाणी होतं. साबणाचा वास येत होता.

मी फिंटनकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

"फिंटन, काय केलंयस तू?"

तो तिथेच गवताच्या गंजीवर बसला. त्या शनिवारचं सगळं त्याने मला सांगितलं.

जून संपता संपता मालकांनी त्याला घोडे देणं बंद केलं. मग मीच त्याला टायगच्या आईकडे घेऊन गेलो. भर दुपार होती, लख्ख ऊन पडलं होतं.

मिसेस हेफरनननी दार उघडलं. चिमणीएवढी बाई. तिने आमच्याकडे पाहिलंच नाही. फिंटनच्या खांद्यामागे पाहिलं...

"किती भिजलायस रे," ती म्हणाली.

फिंटन कोरडाठाक होता.

तो एका दमात बोलला. "मिसेस हेफरनन, त्या दिवशी बाथरूमचं दार मी बाहेरून धरून ठेवलं होतं. तो म्हणत होता, 'पुरे, गरगरतंय.' मी म्हणालो, 'अजून थोडं.' तुम्हाला वाटेल थट्टा केली असेल. थट्टा नव्हती. मला त्याची घोडी हवी होती."



"माफी त्याच्याकडेच माग," ती म्हणाली. "आज मात्र त्याला माझ्याकडे ठेवून जा. आई आहे मी. उचलेन."

आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी डेम्सींच्या काट्यावर फिंटन एकोणपन्नास भरला. पण तो पुन्हा घोड्यावर बसला नाही. कुणी बसवलंही नसतं.

पाच आठवड्यांनी मिसेस हेफरनन गेल्या.

पेटीला आम्ही सहा जणांनी खांदा दिला. माझ्यापुढे फिंटन होता. मूठभर बाईची पेटी, पण सहाही जणांचे गुडघे वाकले.

"आत दगड भरलेत की काय?" मागून कुणीतरी कुजबुजलं.

तेवढ्यात माझ्या मानेवर काहीतरी ठिबकलं...

कोमट.

वर पाहायची माझी हिंमत झाली नाही.

दफन झालं. लोक पांगले. फिंटन मात्र वाकूनच उभा होता.

"कॉर्मॅक," त्याने हळूच विचारलं, "पेटी उतरवली ना आपण?"

"उतरवली की. तुझ्यादेखत."

त्याने मान हलवली. पण तो सरळ झाला नाही.

याला सत्तावीस वर्षं झाली. फिंटन माझ्याकडेच राहतो. लोक त्याला माझा थोरला भाऊ समजतात. मी काही विचारत नाही. तोही सांगत नाही.

फक्त जिना चढताना तो मध्येच थांबतो... दोन्ही हात मागे नेतो...

आणि पाठुंगळी घेतलेल्या माणसाला सावरावं, तसा हलकेच एक हिसका देऊन पुढची पायरी चढतो.