हिरव्या हापशाचा लाल रंग

"नखं तुटतील, किल्लीनं खरवड," शिल्पा म्हणाली. सत्यमने हापशावर किल्ली घासली. हिरव्या रंगाचा पोपडा उडाला आणि खालून लालभडक रंग निघाला!

सुट्टीत इस्लापूरजवळच्या मामाच्या गावी आलेल्या या बहीण-भावाला त्यांची मैत्रीण मनतशा इथे घेऊन आली होती. तिच्या अम्मीच्या, बेगमबीच्या तळहातांवर कडक गाठी उठल्या होत्या. नांदेडच्या डॉक्टरांनी आधी विचारलं होतं, पाणी कुठलं पिता? गावात याच हापशाचा डंका. यात तुरीची डाळ चटकन शिजते, मग पाणी वाईट कसं असेल? पण लाल हापशाचं पाणी प्यायचं नसतं, हे पोरं शाळेत शिकली होती.

हापशावर सरपंच शेषेरावांच्या नावाची पाटी होती. शिल्पाने विचारताच ते हसले. तपासणीवाल्यांनी मागे लाल रंग दिला होता, तो त्यांनीच झाकला होता. "माझ्या नावाचा बोअर हाय पोरी. लाल बरा दिसत न्हाई. पिऊन कोन मेलं का?"

त्यांच्या स्वतःच्या ओसरीत मात्र विकतच्या पाण्याचे जार मांडले होते. मोठ्यांचं शहाणपण हे असं!

पाणी तपासणारे साहेब पुन्हा आले आणि ओसरीत चहाला टेकले. शेषेरावांनी नमुन्याची बाटली गपचूप जारमधून भरली आणि गाडीत ठेवायला सत्यमच्या हाती दिली. चोराच्या हाती तिजोरीची किल्ली! जारमधून भरताना पोरांनी पाहिलंच होतं. तिघांनी कोपऱ्यावर बाटली ओतली, विसळली आणि हापशावर भरून गाडीत ठेवली.

अहवाल आला. पाण्यात आर्सेनिक होतं. हापशाचा दांडा काढला, ग्रामसभेत शेषेरावांना तोंड वर करता येईना. पोरांना नारळ देऊन सत्कार झाला. "पोरांनी गाव वाचवलं," व्यंकटीमामा अभिमानाने म्हणाले.

मनतशा अम्मीसोबत नांदेडला गेली. तिला डॉक्टरांना एकच विचारायचं होतं.

"ते पानी बंद झालं. आता अम्मी बरी होईल ना?"

गाठीच्या तपासणीचा अहवाल आला होता. कॅन्सर होता. पाण्यामुळेच झाला असं छातीठोक सांगता येत नाही, पण असं पाणी वर्षानुवर्षं प्यायलं की धोका वाढतो, असं डॉक्टर म्हणाले. "उपचार करू. पण बेटा, पाणी बंद केलं म्हणून झालेलं मागे जात नाही. बाकीच्यांना मात्र तू वाचवलंस."

मनतशाला भयंकर राग आला. बाकीच्यांना वाचवायला ती निघालीच नव्हती.