बाराव्या पानाआधीची सिगरेट

"काडेपेटी आहे का हो तुमच्याकडे?"

तो तिच्याशी बोलला ते पहिलं वाक्य कोणतं, तर हे! आजही आठवलं की तिला हसू आवरत नाही. रेडिओ केंद्राचा मागचा अरुंद जिना, खिडकीबाहेर भुरभुर पाऊस आणि न पेटलेली सिगरेट बोटांत धरून उभा असलेला एक उंच माणूस. तिने त्याला कधीच पाहिलं नव्हतं. पण तो आवाज कानावर पडला आणि ती चढता चढता थांबलीच.

"खोकलेराव!" तिच्या तोंडून निघून गेलं.

"काय म्हणालात?"

आता जीभ चावून काय उपयोग... "नाही, म्हणजे – दुपारची कादंबरी वाचता ना तुम्ही? ती टेप मी साफ करते. मागच्या भागात अकरा वेळा खोकलात."

"अच्छा, कात्रीबाई त्या तुम्हीच!" तो हसला आणि हसता हसता खोकला.

"बारा," ती म्हणाली.

कात्रीबाई हे तिला केंद्रावर पडलेलं नाव. अजून टेपचे दिवस होते. हेडफोन चढवायचा, रीळ हाताने मागेपुढे फिरवायचं, खोकला किंवा खाकरणं नेमकं सापडलं की ब्लेडने तेवढाच तुकडा कापायचा आणि टोकं चिकटवायची. सहा महिने हा आवाज रोज तिच्या कानात होता. तो कुठल्या वाक्याला दमतो, कुठे आवंढा गिळतो, याची तिला खडान्खडा माहिती होती. माणूसही इतका देखणा निघेल, हे मात्र तिने धरलं नव्हतं. तो जरा अन्यायच झाला.

मग त्या जिन्यात दोघांना रोज काही ना काही काम निघू लागलं.

"माझे खोकले कापून टाकता कुठे?" त्याने एकदा विचारलं.

"केराच्या टोपलीत."

"एखादा तरी ठेवायचा जपून!"

"आवाज ठेवते की जपून..." ती बोलून गेली आणि कान तापले म्हणून खिडकीकडे वळली. त्याच्या हातातली सिगरेट नुसती जळत राहिली.

"सोडू का ही?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्यासाठी नको. सोडायची तर सोडा. पण एक सांगते, ओढलीत तर ओढली म्हणा. माझे बाबा दर वर्षी सोडायचे. पेपरमिंट चघळत घरात यायचे आणि 'सोडली बरं का' म्हणायचे. शर्टाला वास यायचा, आणि आई 'हो का!' म्हणत तोच शर्ट धुवायची. बाबा गेले तेव्हाही त्यांनी सोडलेलीच होती. मला आईसारखं 'हो का' म्हणत जगायचं नाही."

त्याने सोडली. आणि काय ते हाल! हातांना उद्योग नाही म्हणून केंद्रातल्या झाडून सगळ्या पेन्सिलींना त्याने टोकं काढून ठेवली. लिफ्टवाल्याशी भांडला, मग दुसऱ्या दिवशी जाऊन माफी मागून आला. पण पाचव्या दिवसाच्या टेपवर तिला ते ऐकू आलं. श्वासाच्या शेवटची ती बारीक खरखर गेली होती. लांबलचक वाक्य तो एका दमात वाचून गेला. तिने तो तुकडा चारदा ऐकला, कामाची काही गरज नसताना.

नवव्या दिवशी तो दारात आला. "नऊ दिवस! एकही नाही!"

तिने हेडफोन काढला. सकाळचंच रेकॉर्डिंग चालू होतं. "आज ओढलीत तुम्ही," ती म्हणाली. "बाराव्या पानाच्या आधी. मध्ये पाच मिनिटं थांबला होतात ना?"

"छे हो! पाणी प्यायला गेलो होतो. शपथ."

ती नुसतं 'हो का' म्हणाली असती, तर सगळं सुरळीत चाललं असतं. ते दोन शब्द अगदी ओठांवर आले होते, आणि त्याचीच तिला भीती वाटली. तिने रीळ उचललं आणि शेजारच्या खोलीत हेच काम करणाऱ्या काकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं. "काका, ही कादंबरी आजपासून तुम्ही करा."

त्यानंतर ती पुढच्या जिन्याने जाऊ लागली. लांब पडायचा, पण जाऊ लागली. दुपारी काकांच्या खोलीतून तो आवाज यायचा, तेव्हा उठून दार लावून घ्यायची आणि मग दाराशीच उभी राहायची. इतकी आठवण यायची की तिला स्वतःचाच राग यायचा.

दोन आठवडे गेले. कादंबरीचा शेवटचा भाग होता त्या सकाळी, रेकॉर्डिंगच्या आधी, तो तिच्या दारात येऊन उभा राहिला. हजेरी द्यावी तसा ताठ.

"त्या दिवशी एक. बाराव्या पानाआधी. पाणीबिणी काही नाही. त्यानंतर चार दिवस रोज दोन, रागाने. मग आठ दिवस शून्य. काल एक. आज... अर्धी."

"अर्धीच का?"

"उरलेल्या अर्धीच्या वेळात इथे यायचं होतं."

तिला हसू यायला लागलं होतं, पण तिने ते दाबून धरलं. "टेपवर कळलंच असतं मला."

"टेप काकांकडे जाते. तुला कळलंच नसतं." तो पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता, आणि ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. "मला लाज वाटते गं सांगायला. खोटं बोलणं फार सोपं आहे. पण तुझ्याशी बोलायला मिळावं म्हणून मी ही लाजही सोसेन."

ती म्हणाली, "उद्या किती, तेही येऊन सांग."

तो रोज सांगत राहिला. दारातून डोकं आत घालायचा. "शून्य." "शून्य." "एक, साहेब ओरडले म्हणून." "शून्य, पण फार वाईट दिवस होता, जरा जिन्यात येतेस?" जिन्यात तो तिचा हात धरून उभा राहायचा. हाताला उद्योग हवा म्हणून, असं म्हणायचा. तीही ते खरं मानायची.

तीन महिन्यांनी तिने आईला सांगितलं, लग्न करतेय.

"सुटली त्याची?" आईने विचारलं.

"नाही. मागच्या आठवड्यात दोन झाल्या."

"मग? सिगरेटवाला नको म्हणत होतीस ना?"

"आई, तो सांगतो. ओढली की येऊन सांगतो."

आई कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. हातातला शर्ट तिने उगाचच पुन्हा उलगडला, पुन्हा घडी घातली.

"सांगतो?"

"हो. प्रत्येक वेळी."

"मग कर लग्न," आई म्हणाली. "सुटेल त्याची."