थंड राहणारे कार्ड

"मॅडम, आमची सगळी ग्राफिक्स कार्डं कुणीतरी बदललीत," भूमिका फोनवर म्हणाली. "संध्याकाळी पोलिसांत तक्रार देतेय. त्याआधी तुम्ही एकदा बघता का?"

"बदलली, हे कशावरून?"

"नवी कोरी होती, तरी बंद पडतात. आणखी कशावरून?"

संघमित्रा धुळ्यातल्या एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत असे. भूमिका तिची जुनी विद्यार्थिनी. जळगावात पिंप्राळ्याला तिने अ‍ॅनिमेशनचा वर्ग काढला होता. 'बंद पडते' आणि 'बदलले' या दोन विधानांच्या मधली एक पायरी गाळलेली आहे, एवढे संघमित्राच्या लक्षात आले. तिने प्रयोगशाळेतला थर्मामीटर पिशवीत टाकला आणि पारोळ्यावरून जाणारी बस पकडली.

मे महिना होता. वर्गात छताचे पंखे तापलेली हवाच फिरवत होते. संघमित्राने थर्मामीटर खिडकीपासून दूर टांगला. पारा अडतीस अंशांवर स्थिरावला.

"हे कार्ड कोणी सुचवलं?"

"जितेंद्रने. माझा आतेभाऊ. त्याचं चॅनेल आहे, कॉम्प्युटरच्या वस्तू तपासून सांगतो. म्हणाला, स्वस्त आहे, कारखान्यातूनच वेग वाढवून येतं, वर दोन पंख्यांचा खास कूलर. कितीही राबवा, चौसष्ट अंशांच्या वर जात नाही."

"आणि इथे?"

"पंच्याऐंशीला पोचतं आणि पडदा काळा."

"संशय कोणावर?"

"बुद्धभूषणवर. मशीन त्यानेच जोडली. जितेंद्र म्हणाला, खरे कूलर काढून जुने बसवले असतील. वर्गाची चावी त्याच्याकडे होती."

"आणखी कोणाकडे होती?"

"जितेंद्रकडे. पण तो घरचाच ना, मॅडम."

संघमित्रा उठून बाहेर गेली.

बुद्धभूषण पायरीवर बसला होता. वरणगावच्या आयुध कारखान्यात शिकाऊ म्हणून त्याची निवड झाली होती. पोलिसांची चारित्र्य पडताळणी तेवढी बाकी होती. चोरीच्या तक्रारीत नाव आले, की ती वाट बंद.

"तू कूलर काढला होतास?"

"नाही, मॅडम."

"कार्डं बंद पडतात हे कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. ताईंना सांगितलं, गरम होतंय. त्या म्हणाल्या, जितेंद्रपेक्षा तुला जास्त कळतं का? मग बाजारातल्या तीन दुकानदारांना ताईंचा फोन गेला. याला कामावर ठेवू नका म्हणून."

संघमित्राने एकेक कार्ड बाहेर काढून तपासले. कूलर धरून ठेवणाऱ्या एका स्क्रूवर कंपनीचा कागदी शिक्का होता. तो फाडल्याशिवाय कूलर निघणे शक्य नव्हते. सगळे शिक्के अखंड होते. खोक्यावरचा क्रमांक आणि कार्डावरचा क्रमांक सगळीकडे जुळत होता. मग तिने टॉर्च लावून पंख्यांच्या पात्यांमधून आत पाहिले. वरचे झाकण भारदस्त होते. त्याखाली पातळ पत्र्यांचा लहानसा ठोकळा होता आणि उष्णता वाहून नेणारी एकच नळी.

एक कार्ड पुन्हा बसवून तिने यंत्र चालू केले. काही काम न देता: त्रेचाळीस अंश. पूर्ण काम दिल्यावर: पंच्याऐंशी, आणि पडदा काळा.

"आता जितेंद्रचा व्हिडिओ लाव."

पडद्यावर जितेंद्र हसत होता. अंगात चॅनेलचे नाव छापलेले जाड जॅकेट, चेन गळ्यापर्यंत ओढलेली. मागे गुळगुळीत पांढरी भिंत, खिडकी नाही. कार्ड एका उलट्या ठेवलेल्या क्रेटवर. "मित्रांनो, बाहेर बेचाळीस आहे! एसी नाही, कूलर नाही, फक्त आपल्या जळगावची हवा!" कोपऱ्यात आकडे होते. काम नसताना बावीस, काम असताना चौसष्ट.

संघमित्राने चित्र थांबवले आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे पाहिले.

"जितेंद्रला बोलाव. व्हिडिओतलं कार्ड घेऊन ये म्हणावं."

जितेंद्र तासाभरात आला, पातळ टी-शर्टात, घामाने निथळत. "काय मॅडम, चोर सापडला का?"

"तुझं कार्ड या मशीनमध्ये लावू या. बाकी काही बदलायचं नाही."

त्याने कार्ड देताना किंचित वेळ घेतला. त्या कार्डाने त्रेचाळीसपासून सुरुवात केली, पंच्याऐंशी गाठले आणि पडदा काळा झाला.

"आता बुद्धभूषणने तुझंही कार्ड बदललं म्हणायचं का?" संघमित्राने विचारले.

"मशीनच खराब असेल," जितेंद्र म्हणाला.

"बसा सगळे. बुद्धभूषण, तूही आत ये," संघमित्रा म्हणाली.

"पंखा वस्तूवर हवा फेकतो. त्यामुळे वस्तू हवेइतकी थंड होऊ शकते. हवेपेक्षा थंड नाही. व्हिडिओत हवा बेचाळीस अंश आणि कार्ड बावीस. कूलर कितीही खास असो, हे अशक्य आहे. म्हणजे दोहोंपैकी एक आकडा खोटा. कार्डाचा आकडा पडद्यावर दिसतो आहे. हवेचा फक्त तोंडी आहे.

"आता या खोलीत बघा. हवा अडतीस, काम नसलेलं कार्ड त्रेचाळीस. पाचचा फरक. तोच फरक व्हिडिओतल्या बावीसमधून वजा केला, तर तिथली हवा सतरा अंश. काम देऊन ताडून पाहू. इथे पंच्याऐंशी वजा अडतीस, सत्तेचाळीस. तिथे चौसष्ट वजा सतरा, तेही सत्तेचाळीस. कूलर दोन्हीकडे सारखाच आहे, आणि सारखाच दुबळा. वाढवलेला वेग त्याला इथल्या उन्हाळ्यात पेलवत नाही. कार्डं कोणी बदलली नाहीत. बदलली होती ती हवा.

"राहिला एक प्रश्न. मे महिन्यात, जळगावात, सतरा अंशांची, बिनखिडकीची, पांढऱ्या पॅनेलच्या भिंतींची खोली कोणाकडे असते? जिथे क्रेट असतात आणि जिथे जॅकेट घालावं लागतं?"

उत्तर वर्गातल्या प्रत्येकाला ठाऊक होते. जितेंद्रच्या वडिलांचे, कौतिकनानांचे, चोपडा रस्त्याला केळी थंडाव्यात पिकवण्याचे चेंबर होते.

"उगाच काहीही," जितेंद्र म्हणाला.

भूमिकाने थेट कौतिकनानांनाच फोन लावला. स्पीकर चालू होता. "नाना, जितेंद्रने चेंबरमध्ये कॉम्प्युटर नेला होता का?"

"हाव ना, लई गयथा," नानांनी अहिराणीत मोकळेपणाने होकार दिला. "टेबलबिबल बठ्ठं आजून तठेच शे. घरमा त्याना डबा बंद पडे, म्हनीसन. पोरगा हुशार शे, बेटा."

जितेंद्रने मान खाली घातली. वडिलांनी केलेले कौतुक इतके असह्य झाल्याचे त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच दिसत होते.

"घरी चार वेळा बंद पडलं," तो पुटपुटला. "'उद्या निकाल' असं चॅनेलवर सांगून बसलो होतो. वाटलं, दोष घराच्या गरमीचा, कार्डाचा नाही. मग इथली बंद पडली... खरं सांगायची लाज वाटली."

"आणि याचं नाव घ्यायची वाटली नाही?" भूमिका ओरडली. पण ते नाव तिने स्वतःही तितक्याच सहज स्वीकारले होते.

संघमित्राने कार्डाचा वेग उतरवून मूळ पातळीवर आणला. यंत्र चालू राहिले. पंख्यांचा आवाज तेवढा वर्गात उरला.

"ताई," बुद्धभूषण शांतपणे म्हणाला, "चावी तर जितेंद्रभाऊकडे पण होती ना? मग माझंच नाव का?"

भूमिकाने संघमित्राकडे पाहिले. या प्रश्नाचा खुलासा संघमित्राकडे होता. पण तो भौतिकशास्त्रातला नव्हता, आणि तो तिने द्यायचाही नव्हता.

भूमिकाने फोन उचलला. पहिल्या दुकानदाराचा नंबर लावला. "हो, मीच... बुद्धभूषणबद्दल बोलले होते ना... तसं काही नव्हतं. माझीच चूक झाली..." शेवटचे शब्द जेमतेम ओठांबाहेर आले.

"ताई, जरा मोठ्यानं," बुद्धभूषण म्हणाला. "त्या दिवशी रस्त्यापर्यंत ऐकू येत होतं."