एका चपलेचा माणूस

त्या शुक्रवारी सौदीतल्या अल-खोबरच्या कॉर्निशवर, समुद्राकाठच्या फिरायच्या रस्त्यावर, शमाल सुटला होता. उत्तरेकडून येणारा हा कोरडा वारा कुणाची गय करत नाही. सादियाच्या मांडीवरचे सातवीचे बत्तीस पेपर त्याने एका झटक्यात उचलले आणि समुद्राकडच्या खडकांवर भिरकावून दिले.

ती उठेपर्यंत एक तरुण खाली उतरलासुद्धा होता. पाच मिनिटांनी तो वर आला तेव्हा त्याच्या हातात एकतीस पेपर होते आणि पायात एकच चप्पल.

"एक गेला," तो म्हणाला.

"पेपर की चप्पल?"

"दोन्ही."

शेजारच्या चटईवर बसलेल्या, सादियाच्या घरच्या ओळखीच्या शरफुन्निसा खाला थर्मास बंद करत म्हणाल्या, "माझा भाचा गो, हम्माद. रास अल खैरला असतो. शुक्रवारी जेवायला येतो."

सादियाची नजर त्याच्या अनवाणी पायावर गेली आणि तिला हसू आवरेना.

"हसायला काय झालं?"

"हे पेपर तुमच्याच गोष्टीचे आहेत." मग तिने सांगितलं. ग्रीकांचा एक राजपुत्र, जेसन. एका म्हातारीला पाठीवर घेऊन नदी ओलांडताना त्याची एक चप्पल वाहून गेली. एका चपलेच्या माणसापासून सांभाळ, असं राजाला कुणीतरी सांगून ठेवलेलं. म्हणून राजाने त्याला दूर देशी पिटाळलं, सोनेरी लोकर आणायला. पन्नास वीर, आर्गो नावाचं जहाज...

"जहाज बांधलं कुणी?"

बत्तीस मुलांपैकी एकानेही हे विचारलं नव्हतं.

"आर्गस नावाच्या कारागिराने. त्याच्यावरूनच जहाजाचं नाव पडलं."

"म्हणजे राजपुत्राचं नाही, सुताराचं नाव?" त्याने मान डोलावली. "मग गोष्ट चांगली आहे."

तो वेल्डर होता. समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या प्लांटमधले पाइप जोडायचा. मनगटाच्या वर ठिणग्यांचे बारीक डाग होते. तो ते लपवत नव्हता.

"आम्हीपण नाव घालतो," तो म्हणाला. "प्रत्येक जोडाशेजारी आपला नंबर ठोकायचा. माझा डब्ल्यू सत्तेचाळीस. जोड फुटला तर वीस वर्षांनीही कळतं, कुणाचा ते."

"आणि नाही फुटला तर?"

"तर कुणालाच कळत नाही."

हे वाक्य सादिया घरी घेऊन गेली.

पुढचे चार शुक्रवार वारा नव्हता, तरी ती पेपर घेऊन कॉर्निशवर जात राहिली. खाला चहा ओतायच्या आणि मुद्दाम समुद्राकडे तोंड करून बसायच्या.

"मग लोकर मिळाली का त्याला?" हम्मादने विचारलं.

"मिळाली. पण मिळवून दिली मेडियाने, तिथल्या राजकन्येने. आग ओकणारे बैल नांगराला जुंपायचे होते. तिने अंगाला लावायला लेप दिला, म्हणून तो भाजला नाही."

"आम्हाला हातमोजे देतात."

"राजकन्या नाही देत?"

"अजून तरी... नाही." त्याने कपात पाहिलं. "पुढे काय झालं?"

"पुढे तो तिला विसरला. दुसरी राजकन्या पाहिली. म्हातारपणी त्याच जहाजाच्या सावलीत झोपला होता, तर कुजलेली तुळई डोक्यात पडली."

"आर्गसला बोल लावू नका. लाकूड आहे, कधीतरी कुजणारच." मग हळूच, "अर्थ काय या गोष्टीचा, टीचर?"

"मुलं लिहितात, धाडसाला यश मिळतं. मी मार्क देते." तिने पेपर बाजूला ठेवले. "मला वाटतं, लोकर आणणं सोपं. ती कशी मिळाली, कुणामुळे मिळाली, हे चारचौघांत सांगणं अवघड. ते जेसनला जमलं नाही."

"मला जमेल," हम्माद म्हणाला. तो समुद्राकडे बघत होता, पण सादियाचे कान गरम झाले.

महिनाअखेरीस खालांनी सादियाच्या घरी मागणी घातली, आणि घोळ झाला. सादियाने त्याला फोन केला.

"खालांनी तुम्हाला इंजिनिअर केलंय."

"कधीपासून?"

"काल दुपारपासून."

तो हसला नाही. खाला असं का बोलल्या, ते सादियाला ठाऊक होतं. तिचे अब्बा, हुसेनमियाँ, दम्मामच्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षं फोरमन होते. 'मी जन्मभर इंजिनिअरांना सलाम ठोकले, आता जावई तरी इंजिनिअर आणीन,' हे त्यांनी साऱ्या कोकणी बिरादरीला ऐकवलं होतं. गप्प राहिलं तर लग्न ठरणार होतं. बोललं तर बहुधा मोडणार होतं.

"मी काय करू?" त्याने विचारलं.

"ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. मग तिने फोन ठेवला.

शुक्रवारी जुम्म्याच्या नमाजनंतर तो घरी आला. सादियाने चहाचा ट्रे ठेवला आणि दारापाशी उभी राहिली.

"कुठल्या डिपार्टमेंटला इंजिनिअर?" अब्बांनी विचारलं. खालांनी बिस्किटाची बशी पुढे सरकवली.

"इंजिनिअर नाही, चाचा," हम्माद म्हणाला. "वेल्डर आहे. खालांनी माझ्यावरच्या मायेने सांगितलं. त्यांना रागावू नका."

खाला बशीकडे बघत राहिल्या. अब्बांनी कप खाली ठेवला.

"नंबर?"

"डब्ल्यू सत्तेचाळीस."

"तपासणीच्या एक्स-रेला किती जोड गेले यंदा?"

"दोनशे बारा."

"रिपेअर किती निघाले?"

"एकही नाही."

अब्बा त्याच्या मनगटाकडे बघत होते. असेच डाग त्यांच्याही हातांवर होते, पूर्ण बाह्यांच्या शर्टाखाली. उन्हाळ्यातसुद्धा ते बाह्या दुमडत नसत. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं, सादिया?"

"पहिल्या दिवसापासून, अब्बा." तिचा आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा स्थिर निघाला. "आणि मला हाच हवा."

हम्मादने मान वर केली. सगळ्यांसमोर तिच्याकडे बघायची ही त्याची पहिलीच वेळ, आणि त्याने नजर काढली नाही.

अब्बांनी कफाचं बटण काढलं आणि सावकाश बाही कोपरापर्यंत दुमडली.

"चहा गार झाला," ते म्हणाले. "दुसरा आण. माझ्या जावयालापण."

पंधरा दिवसांनी ते चिपळूणच्या छापखान्याला फोनवर पत्रिकेचा मजकूर सांगत होते. नवरीच्या नावापुढे एम. ए., बी. एड. घालून झालं.

"नवऱ्याच्या नावापुढे कंसात वेल्डर," ते म्हणाले. पलीकडचा माणूस काहीतरी बोलला. "होय रे, तिथं डिग्री घालतात, ठाऊक आहे मला. तीच घालतोय." मग सादियाकडे बघत, मोठ्याने, "आणि ठळक छाप. पुढे डब्ल्यू सत्तेचाळीस."